शाळेतील मुलींसाठी पॅडची देणगी घ्यावी का?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. पाळी सुरू झालेल्या मुली साधारण 30 आहेत. हजेरीपट चाळताना ठरावीक मुलींच्या नावापुढे दर महिन्याला तीन-चार दिवसांची सलग गैरहजेरी दिसते आणि विचारल्यावर ‘पोटात दुखत होतं’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. गेल्या आठवड्यात भर उन्हाळ्यात एक मुलगी कमरेला स्वेटर बांधून आली आणि दिवसभर बाकावरून उठली नाही. तिची आई रोजंदारीवर जाते. पाकीट घ्यायचे तर पैसे तेल-मिठातूनच काढावे लागतात. आता तालुक्यातील एक देणगीदार वर्षभर प्रत्येकीला महिन्याला 8 पॅडचे पाकीट देण्यास तयार आहेत, मात्र त्यांना वाटपाचा कार्यक्रम आणि छायाचित्र हवे आहे. हे स्वीकारावे का?

उत्तर 1 (निवृत्त मुख्याध्यापिका)

पाकिटे जरूर घ्यावीत, कार्यक्रम मात्र नम्रपणे नाकारावा. जी मुलगी ‘कावळा शिवला’ एवढेही मोठ्याने म्हणत नाही, तिला गावासमोर उभे करून हातात पाकीट देणे मला क्रूरपणाचे वाटते.

दुसरे असे की 8 पॅड एका पाळीला पुरत नाहीत. पाच दिवस आणि दिवसाला तीन धरले तरी 15 लागतात. न पुरल्यास मुली एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवतात. 2018 च्या महिला दिनी राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठी पाकिटाची किंमत 5 रुपये ठेवली होती, पण पाकीट तेथेही 8 पॅडचेच होते. जनऔषधी केंद्रातील ‘सुविधा’ पॅडची किंमत 2019 मध्ये एक रुपयावर आली. त्या दराने 30 मुली, 15 पॅड आणि शाळेचे 10 महिने यांचा हिशेब 4500 रुपये होतो. देणगीदारांना हा आकडा सांगून पाहावा.

पॅड उघड्या कपाटात ठेवावीत आणि नावांची वही ठेवू नये. आम्ही वही ठेवली, तेव्हा पहिल्या महिन्यात सहीला तीनच मुली आल्या. वही काढली आणि कपाट भराभर रिकामे होऊ लागले. त्यातली दोन-चार आईसाठी घरी जातात, जाऊ द्यावीत.

उत्तर 2 (आशा कार्यकर्ती)

बाईंचे म्हणणे पटते, परंतु कापड वापरणाऱ्या मुलींनाही विसरू नये. जुन्या सुती लुगड्याची स्वच्छ घडी मुळीच वाईट नाही. वाईट आहे ते ती गोठ्यात किंवा परकराच्या आड, जेथे ऊन पोहोचत नाही, तेथे वाळत घालणे. ओलसर घडी पुन्हा वापरली की खाज आणि जंतुसंसर्ग ठरलेलाच. उन्हाळ्यात हापशाचे पाणी आटले की धुणेही नीट होत नाही, आणि नेमके तेव्हाच सुट्टीमुळे शाळेचे कपाट बंद असते, म्हणून एप्रिलमध्येच मुलींना दोन महिन्यांची पाकिटे द्यावीत. जिचा रक्तस्राव आठ दिवसांहून अधिक चालतो किंवा जिला दुखण्याने उठवत नाही, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

उत्तर 3 (ग्रामपंचायत सदस्य)

ताई, शौचालयाला आतून कडी आहे का, ते आधी पाहावे. आमच्या शाळेत नव्हती. मैत्रीण बाहेरून दार ओढून धरी, तेव्हा आतली मुलगी पॅड बदले. वापरलेली पॅड मागच्या भिंतीवरून शेजारच्या कपाशीत पडत, म्हणून शेतकरी भांडायला आला आणि मगच आम्हा पुरुष मंडळींना प्रश्न समजला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते; त्यातून झाकणाचा डबा, बादली आणि कडी सहज बसते. मी ग्रामसभेत विषय ‘शौचालय दुरुस्ती’ म्हणून मांडला, कारण पाळीचा उच्चार होताच तो पुढच्या सभेवर गेला असता. हे मला शोभले नाही, पण काम झाले. पॅड मात्र उघड्यावर जाळू नयेत. त्यातील प्लास्टिकचा धूर वर्गातच येतो.

प्रश्नकर्ती

सर, मधल्या सुट्टीत जाऊन पाहिले. कडी आहे, कोयंडा नाही. मुलींनी चौकटीत खिळा ठोकून त्याला सुतळी बांधली आहे. कोयंडा उद्याच बसवून घेते आणि देणगीदारांना 4500 रुपयांचा हिशेब कळवते. छायाचित्र हवेच असेल, तर कपाटाचे पाठवेन.