पर्ज व्हॉल्व्ह नवा, वायर बीप देते, तरी चेक इंजिनचा दिवा लागतोच – मदत हवी आहे

मंडळी, गाडी पेट्रोल, २०१८ची, बीएस-४. साताऱ्यात शाहूपुरीत घराबाहेर उघड्यावर उभी असते. महिना झाला, चेक इंजिनचा दिवा लागतोय. मेकॅनिकनं स्कॅनर लावला, कोड पी०४४३, म्हणजे पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते, ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) हा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती ओढून घेतं, तोच हा. गाडी चालायला ठणठणीत, अ‍ॅव्हरेजही तेवढंच.

व्हॉल्व्ह बदलला, कोड पुसला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी धो धो पावसात यवतेश्वरचा घाट चढताना दिवा पुन्हा हजर. आता मेकॅनिक म्हणतो, "साहेब, ईसीएम गेलाय." किंमत ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो.

मग स्वतःच मल्टिमीटर घेऊन बसलो. जुन्या व्हॉल्व्हची कॉइल २४ ओहम, नव्याची २५. म्हणजे जुना चांगलाच होता, पैसे गेले ते गेलेच. व्हॉल्व्हचा सॉकेट काढून इग्निशन ऑन केलं तर एका पिनवर १२.४ व्होल्ट. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून, ईसीएमचा सॉकेट काढून दुसरी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, बीप येतो. बॉडीला शॉर्टही नाही.

मग कोड येतो कुठून? ईसीएमवर खर्च करण्याआधी काही बघायचं राहिलंय का?

प्रतिसाद:

दादा, ईसीएम घेऊ नका. बीपनं फसवलंय तुम्हाला. मीटर कणभर करंट सोडतं, वायरीतली एक तार उरली असली तरी ते वाजतं. व्हॉल्व्हला अर्धा अँपिअर लागतो, १२ भागिले २५ करून बघा. म्हणून लोड टाकून तपासायचं. १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब घ्या, तो जवळपास तेवढंच ओढतो. आधी इग्निशन ऑन करून सप्लायची पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात लावा. लख्ख पेटला तर ती बाजू ठीक. मग इग्निशन बंद, ईसीएमचा सॉकेट काढलेला, आणि दुसऱ्या वायरीच्या एका टोकाला पॉझिटिव्ह देऊन दुसऱ्या टोकाला बल्बमधून निगेटिव्ह. ईसीएम जोडलेला असताना हा उद्योग करू नका, नाहीतर मेकॅनिकचं खरं होईल! बल्ब पेटता ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) वीत वीत हलवत जा. आणि पिनेत मीटरचं जाड टोक खुपसू नका, पिन सैल झाली की नवाच आजार.

धागाकर्ता:

सापडलं! सप्लायला बल्ब लख्ख, ईसीएमच्या वायरीवर मात्र पिवळट. बॅटरीच्या ट्रेखाली हार्नेस दाबला की विझायचाच. टेप सोडली तर आत शेंगदाण्याची फोलपटं, वायरीचं कव्हर कुरतडलेलं, दोन तारा शाबूत आणि बाकी सगळी हिरवट भुकटी. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापलं, तुकडा जोडून सोल्डर केला, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली. काल पावसातच यवतेश्वर चढून आलो, दिवा नाही.

आता उंदरांवर उपाय सांगा. डांबराच्या गोळ्या ठेवून झाल्या. त्या त्यांनी एका कोपऱ्यात सरकवून ठेवल्यात.