शब्दचर्चा : संदेशातले ‘आपण’ नेमके कोण?

प्रश्न : इंदूरमधील आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर, खजिनदार काकांच्या संदेशाखाली एका तरुण सभासदाने लिहिले, ‘आपण सभागृहाचे भाडे अजून भरले नाही.’ मंडळाकडून भाडे जायचे राहिले आहे, एवढेच त्याला सांगायचे होते. काकांना मात्र सर्वांसमोर जाब विचारल्यासारखे वाटले. असे ‘आपण’ कसे वाचावे, आणि त्याऐवजी वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ लिहिणे उणे ठरते का?

उत्तर : दोन्ही अर्थ मराठीत रूढ आहेत. ‘आपण’मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात, आणि हाच शब्द समोरच्या व्यक्तीसाठी औपचारिक आदरानेही वापरला जातो. एरवी क्रियापदावरून उलगडा होतो : ‘आपण आलो’ म्हणजे सगळे, ‘आपण आलात’ म्हणजे समोरची व्यक्ती. अडचण येते ती ‘भरणे’, ‘देणे’ अशा सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात, कारण तेथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि कर्ता ओळखण्यासाठी शेवटचा ‘त’ तेवढा उरतो. ‘आपण भाडे भरलेत का?’ असे लिहिले की प्रश्न समोरच्याला आहे हे कळते. कर्म अनेकवचनी असेल तर तोही उपयोगी पडत नाही. ‘आपण पैसे भरले नाहीत’ हे वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येते, आणि तेथे ‘मंडळाने’ किंवा ‘तुम्ही’ असे स्पष्ट लिहावे. बोलताना हा ‘त’ पुष्कळदा गळतो, पण तेव्हा आवाज आणि चेहरा सोबत असतात. संदेश वाचणाऱ्याजवळ केवळ अक्षरे असल्यामुळे लिहिताना तो जपणे मला सौजन्याचेच वाटते.

पुरवणी उत्तर : ‘तुम्ही’विषयी थोडे. हिंदीत वडीलधाऱ्यांना ‘तुम’ म्हणणे बरे दिसत नाही, आणि इंदुरात दिवसभर हिंदी बोलणाऱ्यांना त्यामुळे मराठी ‘तुम्ही’ही कमी आदराचे वाटू लागते. मराठीत ते पूर्ण आदराचेच आहे. शिवाय माळव्याच्या हिंदीतले ‘अपन’ म्हणजे आम्ही-तुम्ही मिळून, म्हणून इथल्या तरुणांच्या लेखणीत ‘आपण’ त्याच अर्थाने सहज येते. गटावर ‘मंडळाचे भाडे भरायचे राहिले आहे’ असे लिहावे. काकांनाच विचारायचे असेल तर त्यांना वेगळा संदेश पाठवून ‘काका, तुम्ही भाडे भरलेत का?’ असे विचारावे.