मदत हवी आहे: कणकवलीतल्या दोन नेटवर्कचं ट्रॅफिक मुंबईला न पाठवता तिथल्या तिथे कसं जोडायचं?

नमस्कार मंडळी. मी भांडुपला राहतो, ऐरोलीत एका कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये आहे, पण प्रश्न गावचा आहे. माझा मामेभाऊ कणकवलीत इंटरनेट देतो, आधी केबल टीव्हीचा धंदा होता मग फायबर टाकलं, सी कॅटेगरीचं (छोट्या भागापुरतं) लायसन्स, स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर स्वतंत्र नेटवर्क म्हणून ओळख) आणि २५६ पत्त्यांचा ब्लॉक आयआरआयएनएनकडून (भारतात आयपी पत्ते वाटणारी संस्था) घेतलेला. गावात दुसरे एक ऑपरेटर आहेत, वयाने मोठे, त्यांचंही लायसन्स आहे पण एएस नंबर नाही, आयपी अपस्ट्रीमने, म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घेतात तिने, दिलेले तेच वापरतात. दोघांची अपस्ट्रीम कंपनी वेगळी. दोघांच्या ओएलटी (गिऱ्हाइकांकडे जाणारं फायबर जिथून निघतं ती मशीन) एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर, आणि बाजारपेठेत तर दोघांच्या वायरी एकाच खांबावरून गेल्यात.

आता गंमत नाही, खरी अडचण सांगतो. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात भावाचं कनेक्शन आहे आणि त्याच रस्त्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या काकांचं. लॅबने रिपोर्टसाठी स्टॅटिक आयपीवर छोटा सर्व्हर ठेवलाय. दवाखान्यातून ट्रेसरूट मारला (पॅकेट कुठल्या राउटरांमधून जातं ते बघितलं) तर पहिले दोन हॉप, म्हणजे टप्पे, भावाचे, मग अपस्ट्रीमचा मुंबईतला राउटर, तिथून एक्स्चेंजवर (अनेक नेटवर्क एकमेकांना जोडतात ती जागा) दुसऱ्या कंपनीच्या हातात, आणि मग परत खाली कणकवलीला. पिंग १४ मिलिसेकंद. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबई-कणकवली साडेचारशेच्या आसपास धरा, म्हणजे जाऊन-येऊन पॅकेट आणि त्याचं उत्तर मिळून १,८०० किलोमीटर, त्यातच ९ मिलिसेकंद गेले, बाकीचे राउटरचे. शेजारच्या घरात वाटी द्यायला व्हाया दादर जाण्यासारखं आहे हे.

१४ मिलिसेकंदाचं मला काही वाटत नाही, माणसाला ते कळतही नाही. त्रास होतो तो लाइन तुटल्यावर. महामार्गाचं काम, पावसात खचणारा रस्ता, जेसीबी, काहीही होतं आणि दोघांपैकी एकाचं अपस्ट्रीम गेलं की लॅबचा रिपोर्ट पन्नास पावलांवरच्या डॉक्टरला दिसत नाही, मग पोरगा कागद घेऊन पळतो. गावातलं फायबर धडधाकट आहे, दोन्ही टोकांना वीज आहे, तरी गाव गावाशी बोलू शकत नाही. हे मला मनापासून खटकतं.

भाऊ म्हणतो "काय करूक व्हया ता सांग, मी तयार आसंय". काकाही नाही म्हणत नाहीत, फक्त गिऱ्हाईक पळवायची ही वाट तर नाही ना अशी त्यांना धाकधूक आहे आणि ती मला रास्त वाटते. तर मला विचारायचंय की दोघांत सरळ केबल टाकावी की स्विच ठेवून छोटं एक्स्चेंज करावं, काकांकडे एएस नंबर नसताना बीजीपी (नेटवर्कनी एकमेकांना आपले रस्ते सांगायची पद्धत) कसं करायचं, आणि लायसन्सच्या दृष्टीने काही अडतं का. तालुक्याच्या गावात कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद, वसईकर

दादा, दोघंच असाल तर एक्स्चेंज वगैरे नाव सुद्धा काढू नका. एक फायबर जोडी, दोन्हीकडे एकेक एसएफपी (फायबर राउटरला जोडायचं छोटं मॉड्यूल), झालं. तिसरा ऑपरेटर आला की मग स्विच आणा, कारण तिघांत तीन केबली लागतात, पाच जणांत दहा, तिथे स्विच परवडतो. लायसन्सचं म्हणाल तर दोन वेगवेगळ्या लायसन्सधारक आयएसपींनी आपसात थेट जोडणी करायला परवानगी आहे. पण ज्याच्याकडे स्वतःचं लायसन्स नाही, जो मोठ्या कंपनीचा नुसता फ्रँचायझी आहे, त्याने परस्पर असलं करू नये, त्याच्या कंपनीनेच करायचं. हे लॉगच्या (कुणी कधी कुठला आयपी वापरला त्या नोंदींच्या) जबाबदारीमुळे महत्त्वाचं आहे.

एएस नंबर नसला तरी काम होतं. ६४५१२ ते ६५५३४ हे नंबर खाजगी वापरासाठीच ठेवलेत, त्यातला एक काकांना द्या आणि बीजीपीचं सेशन उभं करा, नाहीतर सरळ स्टॅटिक रूट (हाताने लिहून ठेवलेला रस्ता) टाका, दोन मायक्रोटिक राउटरमध्ये दहा मिनिटांचं काम. काकांनी अपस्ट्रीमला एकदा मेल टाकून कळवावं, आयपी अपस्ट्रीमचे आहेत. रूट दोन्हीकडून हवा बरं का! एकाच बाजूने टाकलात तर जाताना पॅकेट गल्लीतून जाईल आणि उत्तर मुंबईवरून येईल, चालू असताना कुणाच्या लक्षात येणार नाही, नेमकं लाइन तुटली की बंद.

आणि फिल्टर, म्हणजे कुठले रूट घ्यायचे-द्यायचे याची चाळणी. फिल्टर लावल्याशिवाय सेशन चालू करू नका, हात जोडून सांगतो. काकांचे रूट भावाने आपल्या अपस्ट्रीमला पुढे सांगायचे नाहीत, आणि उलटही नाही. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानच्या टेलिकॉम कंपनीने देशापुरता यूट्यूब बंद करायला टाकलेला रूट बाहेर सांडला आणि जगभरात दोनेक तास यूट्यूब उघडेना. आपलं गाव लहान असलं तरी राउटरला ते कळत नाही. मॅक्स-प्रिफिक्स (समोरून जास्तीत जास्त किती रूट घ्यायचे ती मर्यादा) पण ठेवा, पाच पुरेत. काकांची धाकधूक इथेच मिटते, ठरलेल्या पत्त्यांपलीकडे एक पॅकेट इकडचं तिकडे जात नाही हे त्यांना कॉन्फिगमध्ये दाखवा.

प्रतिसाद, चांदिवलीतून

वसईकरांशी सहमत, पण एक भ्रम आधीच काढून टाका. यातून बँडविड्थचं बिल कमी होईल असं भावाला सांगू नका. घरगुती ट्रॅफिकचा मोठा वाटा व्हिडिओचा असतो आणि तो गूगल, नेटफ्लिक्स, मेटा यांच्या कॅशेमधून (व्हिडिओच्या प्रती ठेवलेल्या त्यांच्या सर्व्हरमधून) येतो, गावातल्या गावात जाणारं ट्रॅफिक त्यापुढे किरकोळ. बिल कमी करायचं तर कॅशे जवळ आणावी लागेल, आणि ते लोक आपली मशीन ठरावीक ट्रॅफिक असल्याशिवाय देत नाहीत. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीचे पाचसहा ऑपरेटर एकत्र आले तर बोलणी करता येतील, एकट्याचं काम नाही ते.

दुसरं म्हणजे डीएनएस. लाइन तुटली की केबल असूनही लॅबचं पान उघडणार नाही, कारण नावाचा आयपी शोधायला पॅकेट बाहेरच जातं. दोघांनी आपापल्याकडे रिझॉल्व्हर (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) ठेवा आणि लॅबच्या नावाची नोंद त्यात थेट घाला, किंवा दवाखान्यात बुकमार्क आयपीचाच करून द्या. व्हॉट्सअ‍ॅपची अपेक्षा ठेवू नका, गल्लीतल्या दोघांना बोलायचं असलं तरी त्याचे सर्व्हर बाहेर आहेत. गावात जे ठेवलंय तेवढंच चालेल: लॅब, दुकानाचा कॅमेरा, शाळेचा सर्व्हर. म्हणून अशा गोष्टी गावातच ठेवायची सवय लावा, मग त्या केबलला किंमत येईल.

तुम्ही मांडलाय तो प्रश्न देशाच्या पातळीवर होताच. आपलं आपल्यातलं ट्रॅफिक परदेशातून फिरून यायचं म्हणून २००३ मध्ये निक्सी हे देशाचं एक्स्चेंज काढलं. नैरोबीत केनियाचं एक्स्चेंज २००० च्या नोव्हेंबरात सुरू झालं, तिथल्या सरकारी टेलिकॉमच्या तक्रारीवरून थोड्याच दिवसांत बंद पडलं, २००२ मध्ये पुन्हा उभं राहिलं. ब्राझीलने तर साओ पाउलोवर न थांबता तीसहून जास्त शहरांत एक्स्चेंज काढलीत, पैसा डॉट-बीआर डोमेनच्या फीमधून. आपल्याकडे सगळं प्रभादेवी, चांदिवली, महापे पट्ट्यात गोळा झालंय कारण समुद्राच्या केबली वर्सोव्याला नि आसपास वर येतात आणि डेटा सेंटर त्यांच्यामागे आली. सिंधुदुर्गाला त्याची शिक्षा का?

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार, विशेषतः दोन्हीकडून रूट आणि डीएनएस हे मुद्दे. काकांना कॉन्फिग दाखवायची कल्पना भावाला फार पटली. सध्या केबल आणि स्टॅटिक रूटने सुरुवात करतो, बीजीपी नंतर. आता एकच विचारतो, केबल झाली की दोघं एकमेकांना बॅकअप पण देऊ शकतील का? म्हणजे एकाचं अपस्ट्रीम गेलं तर दुसऱ्याच्या लाइनवरून बाहेर?

प्रतिसाद, वसईकर

देता येईल, पण ते पीअरिंग (फक्त आपापसातलं ट्रॅफिक देणं-घेणं) नाही, ती बँडविड्थ विकणं झालं. त्याचा वेगळा कागद करा, दर आणि मर्यादा लिहा, दोन्ही अपस्ट्रीमच्या करारात बसतं का बघा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात भांडण. आणि त्याआधी दोन्ही कंपन्यांकडून फायबरचा नकाशा मागून घ्या. कणकवलीतून निघायला महामार्गाने उत्तरेला, त्याच महामार्गाने गोव्याकडे, कोकण रेल्वेच्या कडेने, नाहीतर फोंडा घाटाने कोल्हापूरकडे एवढ्याच वाटा आहेत. नावं दोन कंपन्यांची आणि डक्ट (जमिनीखालची केबलची नळी) एकच, असं बऱ्याचदा निघतं. तसं असेल तर जेसीबीचा एक दात दोघांनाही घेऊन जाईल, मग बॅकअपचा खर्च करू नका, त्या पैशात एकाची लाइन घाटावरून घ्या.