शिक्षा झालेल्या पिढीलाही मान्ना का मिळत राहिला?

प्रश्न (खानापूर तालुका)

सर्व बंधुभगिनींना प्रभू येशूच्या नावात सलाम. उपवासकाळातील घरोघरीच्या प्रार्थनासभेत इस्राएल लोकांच्या अरण्यप्रवासावर मनन घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. होरेब म्हणजे सीनाय पर्वतापासून कादेश-बर्ण्यापर्यंतचा मार्ग ११ दिवसांचा होता, असे बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे. परंतु १२ हेरांपैकी दहा जणांचे ऐकून लोकांनी वचनदत्त देशात जाण्यास नकार दिला, म्हणून त्या पिढीला देशात न जाता अरण्यातच मरण्याची शिक्षा झाली आणि कादेश सोडल्यापासून जेरेद ओढा ओलांडीपर्यंत ३८ वर्षे गेली. या मधल्या काळाविषयी शास्त्र फारच थोडे बोलते. तो केवळ मरणाची वाट पाहण्याचा काळ होता काय? आमच्या सभेला आजारी आणि वयोवृद्ध माणसे येतात, आणि त्यांपैकी काहींना आपले दुखणे ही देवाने दिलेली शिक्षाच वाटते. त्यांच्यापुढे हा भाग कसा मांडावा?

उत्तर (बेळगाव)

ताई, गणना या पुस्तकाचा १४ वा अध्याय (हेरांचा व शिक्षेचा वृत्तांत) वाचून झाल्यावर थेट नहेम्याच्या नवव्या अध्यायाकडे वळावे, असे मी सुचवतो. लोकांनी सोन्याचे वासरू केले तरी देवाने त्यांना रानात टाकून दिले नाही, मेघस्तंभ त्यांच्यावरून हटला नाही आणि त्यांच्या तोंडचा मान्ना, म्हणजे रानात रोज मिळणारे अन्न, त्याने काढून घेतला नाही, अशी साक्ष तेथे दिली आहे. ज्यांना देशात पाऊल टाकता येणार नव्हते, त्यांच्यासाठीही दुसऱ्या दिवशी पहाटे छावणीभोवती अन्न होतेच. त्यांनाही माणशी एक ओमर (त्या काळचे एक माप) गोळा करायचे होते, सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचे होते आणि शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, पाळायचा होता. शिक्षा झाली म्हणून त्यांचे देवाशी असलेले नाते तुटले नाही, आणि रोजच्या आज्ञापालनाचा मानही त्यांच्याकडून काढून घेतला गेला नाही. मला यात फार मोठी दया दिसते.

आजारी माणसांना मात्र, त्या दहा जणांना न जुमानता देवावर भरवसा ठेवणाऱ्या दोन हेरांपैकी एक असलेल्या कालेबाविषयी अवश्य सांगावे. हेर म्हणून गेला तेव्हा तो ४० वर्षांचा होता, आणि हेब्रोनचे वतन मागताना ८५ वर्षांचा. त्याने कोणता अपराध केला होता? तरीही इतरांबरोबर तोच रखरखाट आणि तितकीच वर्षे त्याच्याही वाट्याला आली. म्हणून अरण्यात असलेला प्रत्येक माणूस शिक्षाच भोगत असतो, असे या वृत्तांतावरून मुळीच म्हणता येत नाही.

उत्तर (निपाणी)

वरील उत्तर मला मान्य आहे. तथापि दयेवर बोलताना अविश्वासाचे गांभीर्य कमी होऊ देऊ नये. स्तोत्र ९५ आणि इब्री लोकांस पत्राचा तिसरा अध्याय याच पिढीकडे बोट दाखवून आज अंतःकरण कठीण करू नका असे बजावतात. शिक्षा ऐकल्यावर त्याच लोकांनी दुसऱ्या दिवशी, मोशेने मनाई केली असतानाही, डोंगरावर चढाई केली आणि अमालेकी व कनानी लोकांनी त्यांचा मोड केला. पस्तावा झाला होता, परंतु देवाचे ऐकण्याची तयारी अजूनही नव्हती. हा इशारा सर्व मंडळीसाठी आहे, एखाद्या आजारी व्यक्तीकडे पाहून तो देऊ नये. हा कोणाच्या पापामुळे आंधळा जन्मला, या शिष्यांच्या प्रश्नाला प्रभूने दिलेले उत्तर (याच्या किंवा याच्या आईबापांच्या पापामुळे नव्हे), योहान ९ मधील, त्या वेळी सोबत वाचावे.

उत्तर (चिकोडी)

मुलांच्या पिढीचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून लिहीत आहे. सीनाय येथे वीस वर्षांवरील, लढाईस योग्य पुरुषांची संख्या ६,०३,५५० भरली होती. मवाबाच्या मैदानातील दुसऱ्या शिरगणतीत ती ६,०१,७३० भरली. निवासमंडपाच्या सेवेसाठी नेमलेले लेवी वंशाचे लोक दोन्ही वेळा वेगळे मोजले गेले. विश्वासू राहिलेले दोन हेर यहोशवा आणि कालेब वगळता पहिल्या गणतीतील एकही जण तोवर उरला नव्हता, तरी राष्ट्र जवळजवळ तेवढेच राहिले. ज्या लेकरांची लूट होईल असे आईबाप रडून म्हणाले होते, तीच लेकरे त्या मुक्या वर्षांत वाढली. अनुवाद ८ मध्ये मोशे त्यांना सांगतो की, ४० वर्षांत तुमच्या अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि तुमचे पाय सुजले नाहीत. सैतानाला उत्तर देताना प्रभू येशूने याच अध्यायातील वचन उच्चारले, म्हणून उपवासकाळात तो वाचणे विशेष उचित ठरेल.

आणखी एक सूचना. खानापूरच्या पावसात वाढलेल्या मुलांना निर्जल प्रदेशाची कल्पना सहज येत नाही, तर अथणीकडच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. सभेत तिकडचे कोणी असेल, तर निर्गम १७ मधील रफीदीमचा पाण्याचा प्रसंग त्यांनाच वाचायला द्यावा, आणि कन्नड भाषकही येत असतील तर तो दोन्ही भाषांत वाचावा.