भाचीसाठी भुताचं पुस्तक सुचवा: नायिका किंचाळणारी नको, फटकळ हवी

कैरीपन्हं
मंडळी, मदत करा. भाची नववीत आहे. मराठी-इंग्रजी दोन्ही वाचते, इंग्रजी जरा जास्तच. सध्या डोक्यात भुतं आणि खून. गेल्या महिन्यात दुकानदाराच्या भरवशावर एक पुस्तक आणून दिलं, चाळीस पानांत परत आलं. म्हणे, "मावशी, हिच्या घरात मुडदा पडलाय आणि ही त्या मुलाच्या डोळ्यांचा रंग सांगत बसलीये!"

तर अटी तिच्याच: नायिका हजरजबाबी हवी. रहस्य खरंखुरं हवं, शेवटी आत्म्याला शांती मिळाली म्हणून गुंडाळलेलं नको. प्रेम चवीपुरतं. माझी एकच अट, रात्री माझ्या खोलीत झोपायला येऊ नये.

निशाचर
मॉरीन जॉन्सनचं 'द नेम ऑफ द स्टार' (२०११). डोळे झाकून घ्या.

लुईझियानातली रोरी लंडनच्या पूर्व भागातल्या निवासी शाळेत दाखल होते आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी लंडनच्याच जॅक द रिपर या जुन्या खुन्याच्या खुनांची नक्कल करायला लागतं. मूळ खून १८८८ चे, ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळातले. त्यामुळे पुढचा मुडदा कुठल्या तारखेला पडणार हे अख्ख्या शहराला आधीच ठाऊक! पोलीस सज्ज, वाहिन्या सज्ज, रिकामटेकडे तर त्याहून सज्ज. एवढं करून कॅमेऱ्यात खून दिसतो, खुनी दिसत नाही.

मधेच रोरीच्या घशात जेवताना घास अडकतो, मरता मरता वाचते आणि त्यानंतर तिला नको ती माणसं दिसायला लागतात. हे सगळं चालू असताना तिची मुख्य तक्रार काय, तर शाळेत हॉकी सक्तीची आहे. बाई गावाकडच्या विक्षिप्त नातेवाइकांचे किस्से अशा वेळी काढते की समोरच्याला हसावं की पळावं कळत नाही. भाचीला आवडेल.

जुनी_वाचक
निशाचर, अर्धंच सांगितलंस. ही मालिका आहे, तिसरं पुस्तक २०१५ चं आणि गोष्ट तिथे संपत नाही. माझ्या लेकीने तिसरं मिटवून माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच पुढची पानं फाडली. अपुरं आवडत नसेल तर पहिलंच वाचायचं आणि थांबायचं, त्यापुरतं ते पूर्ण आहे.

गवतीचहा
फटकळपणाच हवा असेल तर मेग कॅबटची 'मीडिएटर' मालिका. पहिला भाग 'शॅडोलँड', २००० सालचा. तेव्हा तो जेनी कॅरल या टोपणनावाने आला होता. आईने दुसरं लग्न केलं म्हणून सूझ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियातल्या कार्मेलला येते. नवे तीन सावत्र भाऊ. मनातल्या मनात त्यांना हिमगौरीच्या बुटक्यांची नावं ठेवते. हिचं काम म्हणजे अडकलेल्या भुतांना मार्गी लावणं. आधी समजावते, ऐकलं नाही तर सरळ गुद्दा. मी कॉलेजात वाचलं तेव्हा बसमध्ये एकटीच हसत होते.

जुनी_वाचक
गवतीचहा, दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या गं. एक, सूझच्या नव्या खोलीत दीडशे वर्षांपूर्वी मेलेला एक देखणा तरुण आधीपासून मुक्कामाला आहे. म्हणजे डोळ्यांचा रंग आलाच. दुसरी जास्त महत्त्वाची: पहिल्या भागातलं भूत हे आत्महत्या केलेल्या शाळकरी मुलीचं आहे. पुस्तक हलकंफुलकं असलं तरी कैरीपन्हं, तू आधी स्वतः वाच, मग दे.

कैरीपन्हं
हे बरं सांगितलंस ताई. मग हे तूर्तास माझ्यासाठी.

आडवाटेचा
कोणीच 'लॉकवुड अँड कंपनी' कसं म्हणत नाही? जोनाथन स्ट्राउडची पाच पुस्तकं, २०१३ ते २०१७, आणि गोष्ट पूर्ण होते. जुनी_वाचक यांच्या लेकीला कळवा.

इथल्या इंग्लंडमध्ये भुतांचा सुळसुळाट झालाय, पण ती नीट दिसतात-ऐकू येतात फक्त मुलांना. वय वाढलं की ती ताकद जाते. म्हणून रात्रपाळी पोरांची आणि मोठी माणसं नुसती पर्यवेक्षक. लॉकवुडच्या कंपनीत तर मोठं माणूसच नाही. तिघं जण, चहा, बिस्किटं कोणी कधी घ्यायची याचे कडक नियम, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक चादर, तिच्यावरच टिपणं काढायची. सांगणारी ल्यूसी. तिची खासियत ऐकण्याची.

मला यातलं जे पटलं ते असं: भूत पळवायचं तर ते कुठल्या वस्तूला चिकटलंय ते शोधावं लागतं. अंगठी असेल, हाड असेल, काहीही. ती सापडली की चांदीत बंद. वस्तू शोधायची तर माणूस कसा मेला हे शोधावं लागतं. म्हणजे प्रत्येक भूत ही तपासाची केस. गुंडाळायला जागाच नाही! पहिल्याच पुस्तकात भूत घालवण्याच्या नादात हे गिऱ्हाइकाचं घर जाळून बसतात, साठ हजार पौंडांची भरपाई अंगावर येते, आणि ती फेडायला नको ते काम घ्यावं लागतं.

ल्यूसी रोरीइतकी बडबडी नाही हे खरं. तिचा विनोद कोरडा आहे, घाबरल्यावर जास्त सुचतो. नेटफ्लिक्सवर २०२३ ला आठ भागांची मालिका आली, एकाच पर्वात बंद केली. तो राग अजून गेलेला नाही.

निशाचर
+१. पण हे रात्री वाचायला देऊ नका. मी तिशीतला माणूस, जिन्यावरचा दिवा चालू ठेवून झोपलो.

मिसळपाव_विदाऊट_पाव
मराठीत काही?

जुनी_वाचक
भुतं आहेत, रग्गड. धारप आहेत, मतकरी आहेत. पण धारपांकडे संकट निवारायला त्यांचं ठरलेलं पात्र, समर्थ, येतात, आणि आपल्या मुली बहुतेक वेळा झपाटल्या जाण्याच्या कामी. तोंड वर करून भुतालाच "तुमचं काम काय?" विचारणारी पोरगी हवी ना. फुरसुंगीच्या फास्टर फेणेला एखादी आगाऊ बहीण असती आणि तिला भुतं दिसत असती, तर मी रांगेत पहिली असते.

आडवाटेचा
ट्टॉक!

कैरीपन्हं
अपडेट. लॉकवुडचा पहिला भाग आणला. शनिवारी दुपारी सुरू, रविवारी रात्री संपला. जेवताना ताटाशेजारी उघडं पुस्तक, त्यावर वरणाचा डाग, शिव्या मला.

त्यात भुतांना रोखायला लोखंड आणि मीठ वापरतात ना. रविवारी सकाळी आमच्या आईने पाय उंबऱ्याबाहेर टाकला तर खाली मिठाची रेघ! आधी मीठ सांडलं म्हणून बोलणी. मग भाचीने पुस्तकातलं सगळं समजावलं. आई शांतपणे म्हणाली, "एवढंच? तुझी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्याच घेत होते. आणि तू झालीस तेव्हा तुझ्या उशाखाली अडकित्ता होता, तो काय सुपारी कातरायला?"

पोरगी वही घेऊन बसली. अडकित्ता कुणाचा, कधीपासून, का. आजीची तीन तास उलटतपासणी. शेवटी आजीने तो अडकित्ता माळ्यावरच्या डब्यातून काढून दिला. आता तो तिच्या दप्तरात आहे. शाळेत सापडला तर काय सांगायचं तेवढं सुचवा.

रात्री माझ्याच खोलीत झोपली, ते वेगळं.

आडवाटेचा
दुसऱ्या भागात काचेच्या बरणीतल्या कवटीला जास्त काम आहे आणि ती कवटी ल्यूसीहून फटकळ आहे. गादी तिथेच राहू दे.