मदत हवी आहे: दिवेआगर ते रत्नागिरी निधिसंकलन सायकल सफर आणि डायलिसिसवर असलेला आमचा मित्र

नमस्कार.

येत्या जानेवारीत आम्ही पाच जुने वर्गमित्र आणि मैत्रिणी दिवेआगरपासून रत्नागिरीपर्यंत सागरी मार्गाने सायकलवर जाणार आहोत. या प्रवासाच्या निमित्ताने डायलिसिसच्या रुग्णांच्या जाण्यायेण्याच्या खर्चासाठी निधी जमवायचा, असे आम्ही ठरवले आहे. आम्ही पाचही जण पंचेचाळीस ते पन्नास या वयातले आहोत. पुण्यात रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा मुळशीच्या बाजूला सत्तरऐंशी किलोमीटर जाण्याची सवय आहे, परंतु सलग चार दिवस सायकल आमच्यापैकी कोणीच चालवलेली नाही. निधी गोळा करण्याचाही हा पहिलाच प्रसंग आहे. म्हणून जाणकारांपुढे सगळी हकीकत मांडते.

आमच्या वर्गातला सहावा मित्र रत्नागिरीत राहतो. गेली दोन वर्षे त्याचे डायलिसिस चालू आहे, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, प्रत्येक वेळी साधारण चार तास. सरकारी योजनेतून उपचाराला पैसे पडत नाहीत आणि तो शहरातच राहत असल्यामुळे त्याचे तसे निभावते. त्याच्याच पाळीला मात्र लांबच्या वाड्यांमधून माणसे येतात. पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचायचे तर एसटी जुळत नाही आणि डायलिसिस संपल्यावर फाट्यापासून घरापर्यंत चालण्याचे त्राण उरत नाही, त्यामुळे रिक्षा करावीच लागते. त्यांच्यापैकी एका आजोबांना एका खेपेला सहाशे रुपये पडतात. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ खेपा होतात आणि त्याचे ९३,६०० रुपये होतात. पैसे नसले की ते एखादी पाळी चुकवतात आणि पुढच्या वेळी पाय सुजलेले, धाप लागलेली अशा अवस्थेत येतात. हे मित्राने फोनवर सांगितले त्या रात्री मला झोप लागली नाही. उपचार फुकट असूनही केवळ तिथवर पोचता येत नाही म्हणून माणसाचा जीव धोक्यात यावा, हे मला सहन होत नाही.

दिवाळीनंतर आमच्यापैकी दोघांनी गाडीने जाऊन मार्ग पाहिला. पहिल्या दिवशी दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला जेट्टीवरून पलीकडे वेश्वीला, मग बाणकोट, केळशी, आंजर्ले आणि मुक्कामाला हर्णै. दुसऱ्या दिवशी लाडघरवरून दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे आणि गुहागर. तिसऱ्या दिवशी हेदवीमार्गे तवसाळ, पुन्हा बोटीने जयगड आणि मालगुंडवरून गणपतीपुळे. चौथ्या दिवशी आरे-वारेवरून रत्नागिरी. एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होते. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीच्या बाजूचा रस्ता समुद्राला इतका लागून जातो की भरतीच्या वेळी लाटेचे तुषार अंगावर येतील की काय असे वाटते. तो तुकडा कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही, यावर आमचे एकमत आहे. मात्र खाडी आली की रस्ता तळाला उतरतो, पलीकडे गेल्यावर लगेच कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढतो आणि पुन्हा उतरतो. हे चढ लांबीला थोडे असले तरी अतिशय खडे आहेत आणि सड्यावर सावलीचे एक झाडही नसते. गाडीत बसून ते सगळे सोपे वाटले, पण सायकलवर ते कसे जाईल याचा अंदाज येत नाही.

आता माझ्या शंका.

पहिली शंका पैशांची आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या जेवणाराहण्याचा, बोटींचा आणि सोबतच्या गाडीचा खर्च आम्ही स्वतः करणार आहोत. देणगीतला एक रुपयाही आमच्या हौसेला लागता कामा नये आणि तसा संशयही कोणाच्या मनात येता कामा नये. आमच्यापैकी एकाची सूचना अशी आहे की त्याच्या बचत खात्यात सर्वांनी पैसे पाठवावेत आणि शेवटी एकत्र रक्कम संस्थेला द्यावी. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात रुग्णांसाठी काम करणारा एक नोंदणीकृत न्यास हा निधी स्वीकारायला तयार आहे. शिवाय आमचे दोन वर्गमित्र अमेरिकेत असतात आणि त्यांनाही मदत करायची आहे. किलोमीटरमागे ठरावीक रक्कम अशा पद्धतीने देणग्या मागाव्यात का, हेही सांगावे.

दुसरी शंका आमच्या मित्राबद्दल आहे. शेवटच्या दिवशी, म्हणजे रविवारी, गणपतीपुळ्याहून रत्नागिरीपर्यंतचे साधारण पंचवीस किलोमीटर आपणही सायकलवर यावे अशी त्याची फार इच्छा आहे. महाविद्यालयात असताना तो आमच्यातला सर्वांत चांगला सायकलपटू होता. त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करणार नाही, हे नक्की. तरीही त्यांना नेमके काय विचारावे आणि आम्ही कोणती काळजी घ्यावी, हे आधी समजून घ्यायचे आहे. त्याला दिवसभरात पाणी मोजूनच प्यावे लागते. अशा माणसाला उन्हात सायकल चालवताना तहान लागली तर काय करायचे?

तिसरी शंका म्हणजे पहिल्या दिवसाचा टप्पा मोठा होतो आहे का आणि आमच्यात जी सर्वांत सावकाश चालवते तिची दमछाक न होता सगळे एकत्र कसे राहतील.

प्रतिसाद १

मी एका धर्मादाय न्यासाचे हिशेब पाहतो, त्यामुळे पहिल्या शंकेपुरते लिहितो. तुम्हाला खासगी खाते पटत नाही ते योग्यच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ क प्रमाणे, विश्वस्त नसलेल्या व्यक्तीला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी ज्या परवानगीसाठी अर्ज करतात तीच ही. न्यास तयार आहेच, तर पैसे तुमच्या हातात येऊच देऊ नका. देणगीदाराने थेट न्यासाच्या खात्यात रक्कम भरावी आणि पावती त्याच्याच नावाने निघावी. न्यासाकडे ८० जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळण्यासाठी लागणारी, मान्यता आहे का ते विचारा. असेल तर जुन्या करप्रणालीत असलेल्या देणगीदाराला वजावट मिळू शकते, मात्र दोन हजार रुपयांहून अधिक रोख दिली तर ती मिळत नाही, हे आवाहनातच लिहा.

अमेरिकेतल्या मित्रांचे पारपत्र कोणते आहे, हे सर्वांत आधी तपासा. ते भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील, तर ती रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगी, मानली जात नाही. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी ते विदेशी अंशदानच ठरते आणि न्यासाकडे त्यासाठीची केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते स्वीकारता येत नाही. भावनेच्या भरात इथे चूक झाली तर न्यास अडचणीत येईल.

आणखी एक. न्यासाकडून लेखी घ्या की ही रक्कम रुग्णांच्या प्रवासखर्चासाठीच राखून ठेवली जाईल आणि वर्षअखेरीस किती खेपांचे पैसे दिले ते कळवले जाईल. पंधरा देणगीदार असोत की दीडशे, प्रत्येकाला तो आकडा पाठवा. किलोमीटरमागे रक्कम मागू नका. एखाद्याचा गुडघा दुखू लागला आणि देणगी कमी होईल म्हणून तो तसाच चालवत राहिला, असे व्हायला नको. ‘एका रुग्णाच्या इतक्या खेपा’ असे आवाहन अधिक खरे आहे.

प्रतिसाद २

मी डायलिसिस विभागात तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करते. तुमच्या मित्राची इच्छा वाचून आनंद झाला, कारण डॉक्टरांच्या परवानगीने बेताचा व्यायाम केलेला रुग्णांना चांगलाच असतो. पण तुमच्या बेतातली एक गोष्ट मला तातडीने सांगावीशी वाटते. त्यांचे डायलिसिस सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी असते, म्हणजे शुक्रवार ते सोमवार हे आठवड्यातले सर्वांत मोठे अंतर आहे. रविवारी त्यांच्या शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत आलेले असते आणि हृदयाच्या दृष्टीने हाच काळ अधिक जोखमीचा मानला जातो. शेवटचा दिवस शनिवारी आणता आला तर पाहा. शुक्रवारच्या डायलिसिसनंतर थकवा असतो, रात्रीची झोप झाली की शनिवारी सकाळी बहुतेकांना हलके वाटते. शुक्रवारी रात्री त्यांना गणपतीपुळ्याला मुक्कामाला नेऊ नका, घरीच झोपू द्या.

पाण्याचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या आणि तेवढेच पाणी खुणा केलेल्या बाटलीत भरून द्या. तोंडाला कोरड पडली तर बर्फाचा लहान खडा चघळता येतो, पण तोही त्या मोजमापात धरायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शहाळे. कोकणात वाटेवर प्रत्येक जण प्रेमाने शहाळे पुढे करतो. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते या रुग्णांना घातक ठरू शकते. केळी आणि सायकलस्वार पाण्यात घालून पितात त्या क्षारांच्या पुड्या यांचेही तेच. ओआरएससुद्धा त्यांना देऊ नका. हे पाचही जणांना आणि गाडीच्या चालकाला आधीच सांगून ठेवा, कारण माणूस दमलेला दिसला की आपला हात आपोआप तिकडेच जातो.

ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्या हातावर घट्ट पट्टा, घड्याळ किंवा पिशवीचा बंद नको. हँडलवर भार कमी यावा म्हणून ते जरा उंच करून घ्या. त्या हातावर पडल्यास रक्तस्राव गंभीर होऊ शकतो, म्हणून उताराला त्यांच्या पुढेमागे एकेक जण असावा. छाती भरून आली, धडधड झाली, पाय एकदम गळाले, तर थोडे थांबून पुढे जाऊ असे म्हणू नका, थेट रुग्णालयात न्या.

प्रतिसाद ३

मी रत्नागिरीचाच आहे आणि हा मार्ग दोन्ही दिशांनी अनेकदा केला आहे. पहिला दिवस तुम्हाला नक्कीच जड जाईल. पंचाऐंशीच्या घरात अंतर, त्यात बाणकोटपासून पुढचे चढ आणि शिवाय बोटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ. यावर उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी दुपारपर्यंत गाडीने दिवेआगरला पोचा आणि ऊन उतरल्यावर शेखाडीवरून श्रीवर्धनला या. वीसबावीस किलोमीटर होतील आणि तुमचा आवडता रस्ता मावळतीच्या उजेडात मिळेल. मुक्काम श्रीवर्धनला करा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालात की हर्णैपर्यंत घाई होणार नाही.

चढ सोपे जावेत म्हणून मागच्या चाकाला सर्वांत मोठे चक्र ३४ दात्यांचे असलेली कॅसेट (गिअरच्या दातेरी चक्रांचा संच) बसवून घ्या. चढाला उतरून सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही, तवसाळच्या बाजूला मीही चालतो. ब्रेकचे पॅड मात्र नवीन असू द्या, जेट्टीकडे उतरणारे रस्ते वळणाचे असतात. एकत्र राहण्याचा प्रश्न बोटी सोडवतात. पुढे गेलेल्यांना जेट्टीवर थांबावेच लागते, म्हणून प्रत्येक खाडीवर सगळे जमल्याशिवाय बोटीत चढायचे नाही एवढाच नियम करा.

मित्राला पूर्ण पंचवीस किलोमीटर चालवायला लावू नका. तुम्ही गणपतीपुळ्याहून भंडारपुळे, नेवरे करत पुढे या आणि त्याला गाडीने आरे-वारेच्या चढाच्या माथ्यावर आणा. तिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात. पुढचा उतार त्याने सायकल हातात धरून उतरावा आणि सपाटीवर आल्यावर शिरगावमार्गे शहरात सायकलवर यावे. सकाळी साडेसातला निघालात तर उन्हाचा त्रास व्हायच्या आत पोचाल.

धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. शुक्रवार ते सोमवार या मोठ्या अंतराचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता आणि रविवार आम्ही केवळ सुट्टीचा म्हणून निवडला होता. काल रात्री सर्वांशी बोलले. मंगळवारी संध्याकाळी दिवेआगरहून निघून शनिवारी सकाळी रत्नागिरीला पोचायचे ठरले आहे. दोघांना आणखी रजा टाकावी लागेल, ती त्यांनी लगेच मान्य केली. खासगी खात्याचा विचार सोडून दिला आहे आणि न्यासाकडे राखीव निधीच्या पत्राबद्दल विचारणा केली आहे. अमेरिकेतल्या दोघांपैकी एकीकडे भारतीय पारपत्र आहे. दुसऱ्याने नागरिकत्व घेतलेले असल्यामुळे त्याला आम्ही नम्रपणे थांबायला सांगितले आहे. मित्र येत्या बुधवारी त्याच्या डॉक्टरांना भेटणार आहे आणि ते नाही म्हणाले तर तो गाडीत बसून येईल, हेही त्याच्याशी बोलून झाले आहे.

आता एकच विचारायचे राहिले. डॉक्टरांनी परवानगी दिलीच तर त्याच्यासाठी रत्नागिरीत शनिवार सकाळपुरती बॅटरीवर चालणारी, बसायला बुटकी आणि हँडल उंच असलेली सायकल भाड्याने मिळू शकेल का? न मिळाल्यास पुण्याहून गाडीवर बांधून आणू, पण तसे असेल तर सोबत येणारी गाडी आत्ताच मोठी ठरवावी लागेल.