न्यू इंग्लिश स्कूलला ‘राष्ट्रीय शाळा’ म्हणायचं का?

दप्तरदार: चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. तिला सरसकट राष्ट्रीय शिक्षणाचा पाया म्हणतात, ते मला पटत नाही. माध्यम इंग्रजी, शेवटची परीक्षा मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, आणि १८८५ मध्ये शाळेच्या चालकांनी काढलेल्या कॉलेजला नाव गव्हर्नर फर्ग्युसनचं. मालक देशी, साचा सरकारी.

पेठकर: मालक देशी होते म्हणूनच १८८१ मध्ये केसरी आणि मराठा निघाले. कोल्हापूरच्या दिवाणांवर या पत्रांत टीका केली म्हणून झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. सुटल्यावर दोघे पुन्हा शिकवायला लागले. सरकारी हायस्कुलातल्या मास्तराची नोकरी अशाने टिकली असती? राहिलं मॅट्रिक. त्याशिवाय कॉलेजचं दार उघडत नसे, मग मॅट्रिकला न बसवणाऱ्या शाळेत मुलगा घालणार कोण? उलट त्याच परीक्षेत सरकारी शाळांना मागे टाकायचं, हा डाव होता. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती या शाळेच्या मुलांनी मिळवली, तेव्हा पालकांची खात्री पटली. वामन शिवराम आपट्यांच्या शिकवण्याचं ते फळ.

दप्तरदार: डाव परीक्षेपुरता ठीक. पैशाचं काय? १८५४ च्या वूडच्या खलित्यातल्या, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षण-धोरणातल्या, अनुदानाच्या अटी बघा: धर्मशिक्षणाशी सरकारचा संबंध नाही, व्यवस्था नीट हवी, तपासणी मान्य हवी, थोडी तरी फी हवी. मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. इन्स्पेक्टर मुलांची परीक्षा घेणार, पास झालेल्यांच्या हिशेबाने रक्कम मिळणार. म्हणजे परीक्षेत नाही ते वेळापत्रकातून आपोआप गळतं; बंदी घालावी लागत नाही. आणि १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने ही दोरी उघड ओढली: विद्यार्थी राजकारणात दिसले, तर संस्थेचं अनुदान आणि मान्यता धोक्यात.

खडूफळा: दोरी नसलेल्या शाळेचं काय झालं तेही सांगा की. विजापूरकरांचं तळेगावचं समर्थ विद्यालय विद्यापीठाच्या चाकोरीबाहेर उभं राहिलं. सरकारने १९१० मध्ये ते बंद पाडलं.

पेठकर: तेच म्हणतोय! पगाराकडेही बघा. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, तिचे आजीव सदस्य थोडक्या पगारावर वर्षानुवर्षं बांधून घेत. त्यागावर शाळा चालवायची आणि सरकारची मिंधी ठेवायची नाही, हे गणित होतं.

दप्तरदार: गणित फार लवकर बिनसलं. सभासदांच्या बाहेरच्या मिळकतीवरून वाद वाढला आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. कॉलेजने सरकारी अनुदानही घेतलं. अल्प पगार एका पिढीला जमतो. पुढच्यांना घर चालवायचं असतं.

मुठाकाठ: तुम्ही दोघं सरकार विरुद्ध शाळा एवढंच मोजताय. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे वेगळाच हिशेब मांडला: उच्च शिक्षणावरचा खर्च वरच्या जातींच्या पदरात पडतो, म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. या शाळेचे चालक कोण, फी परवडणारे कोण, इंग्रजीपर्यंत पोचणारे कोण? शेतकऱ्याच्या मुलाला गावात धड प्राथमिक शाळा नव्हती. त्याच्यासाठी पुण्यातली मॅट्रिकची शाळा सरकारी असली काय, देशी असली काय!

पेठकर: मुद्दा मान्य. पण हायस्कुलं बंद करून गावोगाव शाळा निघाल्या असत्या, असं फुलेही म्हणत नव्हते.

मुठाकाठ: बंद नव्हे, खर्चाचा क्रम बदला म्हणत होते. ‘राष्ट्रीय’ शब्द लावताना तो क्रम विचारायला हवा.